दांड्यावरचं वजन

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी प्रकल्प म्हणून शिडाची बोट निवडली, तेव्हा मी समुद्र पाहिलेला नव्हता. आजही का निवडली ते नीट सांगता येत नाही. कॉलेजच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात चित्र होतं: छोटी बोट, मोटारीच्या मागे बांधलेली, आणि तिच्यात झोपायला दोन फळ्या. घर घेऊन निघून जाता येईल अशी बोट. त्या वर्षी मला वसतिगृहातही चैन पडत नव्हतं आणि गावी गेलो तर तिथंही पडत नव्हतं.

माझा जोडीदार रामदासपेठेतला, डॉक्टरांचा मुलगा. ओढायला त्याच्या घरची जीप होती. आमच्या सरांनी हसत परवानगी दिली, पण अट घातली. बोट नागपूरहून पारशिवनीकडच्या धरणापर्यंत तुम्ही स्वतः ओढून न्यायची, पाण्यात चालवून दाखवायची. बाहेरचे परीक्षक शनिवारी काठावर येतील. नाही जमलं तर वर्ष गेलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्ष गेलं हे घरी कोणत्या शब्दांत सांगायचं, तेही मला माहीत नव्हतं.

बोट सोळा फुटांची, प्लायवूडची. ताडपत्री शिवणाऱ्या एका टेलरनं शीड शिवलं. आराखडा करताना सारखं एकच भांडण चाले. वाऱ्यात उभी राहायला बोट जड हवी, ओढायला हलकी हवी. पाण्यात तिरकी सरकू नये म्हणून पोटाखाली खोल पाती हवी, ट्रेलरवर बसायला पोट सपाट हवं. मग पाती वर ओढून घेता येईल अशी केली, डोलकाठी बिजागरीवर आडवी होईल अशी केली. सुटी लोखंडी वजनं घेतली, ती हवी तिथं हलवता येत. रात्री अंथरुणात पडलो की वाटायचं, काहीतरी राहिलंय. उठून आकडे पुन्हा तपासायचो. बरोबर असायचे.

एका गोष्टीचा मात्र मला अभिमान होता. ट्रेलरचा दांडा जीपला अडकवताना जोर लागू नये म्हणून मी लोखंडी वजनं मागच्या कप्प्यात ठेवली होती. दांडा एका बोटानं उचलता येई. अहवालात तसं टाइपही करून घेतलं: दांड्यावरील भार शून्य.

शुक्रवारी बाबा डोळे दाखवायला नागपूरला आले होते. दवाखान्यातून ते थेट आमच्या वर्कशॉपमध्ये आले. धोतर, हातात पिशवी, औषधानं डोळे पाणावलेले. सर तिथंच होते. बाबांनी बोटीवरून हात फिरवला, मग वाकून दांडा उचलून पाहिला.

"हे उलार हाय ना गा," बाबा म्हणाले.

"म्हणजे?" जोडीदारानं विचारलं.

"मांगं वजन जास्त हाय. अशी बंडी हाकली तं जू वर उठते, बैलाच्या गळ्याले फास बसते."

मी सरांकडे पाहिलं. गावात मी बाबांशी गावच्याच बोलीत बोलायचो. त्या दिवशी मात्र पुस्तकातल्यासारखं म्हणालो, "बाबा, ही बंडी नाही. हिला बैल नसतात. याचा हिशोब वेगळा असतो."

"बरं," बाबा म्हणाले. पिशवीतून ज्वारीच्या भाकरी काढून माझ्या हातात दिल्या आणि बस पकडायला गेले.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. शहरात सगळं ठीक होतं. कोराडीच्या पुढे रस्ता मोकळा लागला, जोडीदारानं वेग वाढवला. तेवढ्यात कोळशाचा एक ट्रक आम्हाला ओलांडून गेला. त्याच्या वाऱ्यानं बोट थोडी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे. प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा. जीपचं मागचं अंग उचलल्यासारखं वाटत होतं.

"ब्रेक मारू का?" जोडीदार ओरडला.

"थांबव गा, हळू थांबव! उलार झाली!" मीही ओरडलो.

थांबलो तेव्हा ट्रेलरचं एक चाक रस्त्याच्या कडेला, वीजकेंद्राच्या राखेत रुतलं होतं. जोडीदार स्टिअरिंग सोडेना. थोड्या वेळानं म्हणाला, "उलार म्हणे! शून्य भार कोणी लिहिला होता, साहेब?"

मी उतरून बोटीचा मागचा कप्पा उघडला. दोघांनी वजनं मागून काढली आणि पुढे नेऊन ठेवली. किती ठेवायची? कळत नव्हतं. दांडा उचलायला दोन हात लागले, तेव्हा थांबलो. पुढे आणखी ट्रक गेले. बोट जागची हलली नाही.

धरणावर पोचल्यावर वजनं बोटीच्या मधोमध आणली, कारण पाण्यात पुढचं टोक जड झालं असतं. वारा चांगला होता. बोट कलली, मी घाबरलो, मग एका ठिकाणी ती टेकल्यासारखी स्थिर झाली. आडव्या वाऱ्यावर चांगली पळाली. वाऱ्याच्या उलट दिशेनं चढताना मात्र बाजूला सरकत होती, वळताना दोनदा अडली. चाचपडत का होईना, परत आलो.

काठावर परीक्षक अहवाल उघडून उभे होते, सर शेजारी. आमचं गाव जवळ असल्यानं बाबाही आले होते, जरा लांब उभे होते. आम्ही बोट पुन्हा ट्रेलरवर चढवली, वजनं पुढे ठेवली. परीक्षकांनी दांडा उचलून पाहिला.

"इथं लिहिलंय शून्य. हा तर चांगला जड आहे. पुन्हा हिशोब केला का?"

हो म्हणणं सोपं होतं. ते मी म्हणणारही होतो. बाबा बोटीकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"नाही सर. ते पान चुकलंय. माझ्या वडिलांनी काल सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. वाटेत बोट उलटता उलटता राहिली."

सरांनी मान खाली घातली. परीक्षकांनी बाबांना जवळ बोलावलं. "काका, किती जड ठेवायचं हो?"

बाबा संकोचले. "बैलाच्या मानेले समजलं पाहिजे का मांगं काही हाय. पण मान खाली नाही गेली पाहिजे."

परीक्षक माझ्याकडे वळले. "हे आकड्यात किती होतं? ते आणून दे. सोमवारी. मग सही करतो."

रविवारी बोट तिथंच काठावर होती. बाबांनी गावातून कापूस तोलायचा ताणकाटा आणला. त्यांनी दांडा उचलायचा, मी वजनं मागेपुढे करायची, आणि ते "हं" म्हणाले की दांडा काट्याला टांगायचा. पहिल्यांदा काटा जिथं थांबला तिथं मी पेन्सिलीनं खूण केली. मला भरवसा वाटेना. वजनं सगळी काढून पुन्हा करायला लावलं. काटा खुणेवरच. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, "काहून गा, इतका तपासतं?"

"लिहायचं हाय, बाबा."

"मंग पास होशीन ना?"

"माहीत नाही."

ते पुन्हा वाकले आणि दांडा उचलला. काटा त्याच खुणेवर आला. बोट आणि ट्रेलर मिळून जे वजन होतं, त्याचा साधारण दहावा हिस्सा. मी अहवाल मांडीवर घेतला, टाइप केलेलं शून्य खोडलं, वर पेनानं आकडा लिहिला. हिशोब कोणी केला त्या रकान्यात माझं आणि जोडीदाराचं नाव होतं. खाली बोटभर जागा शिल्लक होती. बाबांचं नाव मी तिथं लिहिलं, आणि सही करायला पेन त्यांच्या हातात दिलं.