चुलतीच्या भिंतीवरची तसबीर

माझी चुलती नेवाशाजवळच्या वस्तीवर एकटीच राहते. गुडघे पार गेलेले. दर गुरुवारी राहात्याहून एक पास्टर मोटारसायकलवर यायचे, तिच्या गुडघ्यांना तेल लावून मोठमोठ्यानं प्रार्थना करायचे. मी शाळामास्तर, ऐकून मला हसू यायचं. एका गुरुवारी त्यांनी भिंतीवरची बुद्धाची तसबीर उलटी करून टाकली. म्हणाले, "सैतान घरात असल्यावर आजार जाईल कसा?"

ही बातमी विहाराच्या कमिटीला लागली. पुढच्या गुरुवारी अध्यक्ष चार माणसं घेऊन निघाले, मलाही ओढलं. चुलतीला विहारापर्यंत चालवत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण वर्षभरात तिच्या दाराशी एकजणही फिरकला नव्हता. मी तरी कितीदा गेलो होतो! आता मात्र धर्म बुडाला म्हणून प्रत्येकाचा पाय झपाझप उचलत होता.

पास्टर आतच होते. "बाईंनी राजीखुशीनं प्रभूला स्वीकारलंय," त्यांनी आल्या आल्या ऐकवलं.

अध्यक्ष गरजले, "काकू, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा इसरल्या का तुमी?"

"तुमीच म्हना की," चुलती शांतपणे म्हणाली.

अध्यक्षांनी छाती फुगवून सुरुवात केली आणि चौथीलाच अडखळले. मग बोटातली शनीची अंगठी फिरवत उभे राहिले. मी मान खाली घातली, कारण सहावीच्या पुढं मलाही येत नव्हत्या. चुलतीनं खाटेवर बसूनच सगळ्या म्हटल्या, एकही न चुकता.

नंतर ती पास्टरांकडं वळली. "तुमी येता, इचारपूस करता, बरं वाटतं. पन ती तसबीर माझ्या सासऱ्यानं लावल्याली हाय. सरळ करा."

"मग प्रार्थना फळणार नाही, बाई."

"आजवर तरी कुठं फळली?"

पास्टरांनी तेलाची बाटली पिशवीत टाकली आणि निघून गेले. तसबीर शेवटी मीच सरळ केली. जिंकल्याच्या थाटात अध्यक्षांनी बाहेर फोटो काढून घेतला. चुलतीला त्यात बोलवायचं कुणाला सुचलं नाही.

त्यानंतर पास्टर आले नाहीत, कमिटीही नाही. संगमनेरला गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्याजवळ मी आणि माझी बायको, दोघंच होतो. आता ती काठी टेकत ओट्यापर्यंत येते.

परवा बाजारात अध्यक्षांनी विचारलं, "काकू कशा हायेत?"

"घर म्हाईत हाय ना तुमाला?" म्हणालो आणि पुढं निघालो.