हाक गं
आमच्या मुलींच्या टीमनं आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची फायनल जिंकली, त्याला कैक वर्षं झाली. परवा बेळगावात त्याबद्दल सत्कार झाला. माइकवर मी सांगितलं, शेवटी आम्ही एका पॉइंटनं मागं होतो, बॉल कानडी मैत्रिणीच्या हातात होता, मी ओरडले, "हाक गं," आणि तिनं बास्केट केली. हाक म्हणजे कानडीत टाक. मैदानात आम्ही सगळ्या तेच म्हणायचो. निवेदक हसत म्हणाला, "मॅडमना टाक म्हणायचंय."

डोकंच फिरलं माझं. "हाकच म्हणायचंय. अन् तिला का बोलावलं न्हाय?"

"सत्कार मराठी खेळाडूंचा आहे, मॅडम."

शाल काढून त्याच्या हातात कोंबली. "मग तिचे दोन पॉइंट वजा करा. आपण हरलोय."