आमेनच्या आधी

माझी आत्या शिवणकाम करते. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून चाललेली प्रार्थना. गिऱ्हाइकाला वाटतं बाई हिशेब पुटपुटतेय, पण ती कुणाच्या तरी दुखऱ्या गुडघ्यासाठी देवाच्या मागे लागलेली असते. बाही जोडून झाली की मशीन सोडून त्या गुडघ्याला शेक द्यायला जाते. मी मागून ओरडते, अगं, राहिलेले कपडे कोण शिवणार? पण माझं ऐकतंय कोण.

दर बुधवारी संध्याकाळी दुकानातच प्रार्थनासभा भरते. तागे बाजूला सारायचे, स्टुलं मांडायची. नियम आत्याचा: ज्याने प्रार्थना केली, त्याने आपण स्वतः काय करणार ते सांगायचं. तोवर आमेन नाही. मंडळी मोठी चलाख. सगळे जगाच्या शांतीसाठीच प्रार्थना करायला लागले, कारण जग लांब असतं, तिथे कुणी पाठवत नाही. आत्याने गॅरेजवाल्याला धरलं. "शांती हवी ना तुला? मग आधी भावाशी बोल." भाऊ शेजारच्याच स्टुलावर तोंड फिरवून बसला होता. बोलले बिचारे.

आमच्या चर्चचे नवे पाळक आले तेव्हा हा नियम त्यांना कुणी सांगितलाच नाही. आम्हाला गंमत बघायची होती, दुसरं काय.

त्याच बुधवारी बसड्रायव्हर आला, दोन खांद्यांवर दोन जुळ्या मुली घेऊन. बायको पाय मोडून हॉस्पिटलात, जवळ नात्याचं कुणी नाही, आणि ड्युटी पहाटेची. "नोकरी अजून कायम नाही," तो म्हणाला. "उद्या बस काढली नाही तर परत बोलावणार नाहीत." आणि मुलींना सावरत स्टुलावर टेकला.

पाळकांनी डोळे मिटून सुरुवात केली, आणि मग ते काही थांबेनात. "हे प्रभू, या लेकरांना पहाटे तूच कुशीत घे. तूच त्यांना दूध पाज. रडली तर तूच उगी कर." आम्ही एकमेकांना कोपरं मारत होतो. गॅरेजवाल्याने तोंडात रुमाल कोंबला. शेवटी "येशूच्या नावाने मागतो" म्हणून पाळक आमेनसाठी थांबले. कुणी आमेन म्हणेना. त्यांनी एक डोळा उघडला.

"मग पहाटे येताय ना?" आत्याने विचारलं.

पाळक एकटा जीव, तान्हं मूल कधी हातात धरलेलं नाही. चेहरा पांढराफटक. "मी तर नुसती प्रार्थना केली."

"केलीत ना, आणि काय सविस्तर केलीत. दूध पाजणं, उगी करणं, सगळं आलं त्यात. इथे दुकानात या. एकीला तुम्ही घ्या, दुसरीला आमची भाची घेईल."

भाची म्हणजे मी. मला विचारायची पद्धतच नाही आमच्या घरात.

पाळकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो त्यांच्याकडेच बघत होता. "येतो," ते म्हणाले. मग आम्ही असं दणदणीत आमेन म्हटलं की मुली दचकून रडायला लागल्या.

आणि आले हो खरंच. पहिल्याच दिवशी मुलीने त्यांच्या शर्टावर दूध ओकलं आणि तिथेच झोपली. ती उठू नये म्हणून ते खुर्चीत तसेच ताठ बसून राहिले, नाकावरची माशीसुद्धा उडवली नाही. रविवारी उपासनेलाही ती त्यांच्याच कडेवर. उपदेश रंगात आला, ती कुरकुरली, उपदेश संपला. मंडळी इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. ड्रायव्हरची बस एकही दिवस चुकली नाही. नोकरी कायम झाली तेव्हा तो दुकानाच्या दारात उभा राहून हसतही होता आणि रडतही होता.

बायको कुबड्या घेऊन घरी आली. पाळकांनी मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. त्यांचे हात मात्र नंतरही तसेच झुलत राहिले.

पुढच्या बुधवारी त्यांनी प्रार्थना केली, इतकीशी. "प्रभू, त्या माउलीच्या पायाला अजून विश्रांती हवी आहे." आत्याने भुवया उचलल्या, पण तिने काही विचारायच्या आतच ते घाईघाईने म्हणाले, "पहाटे मी जातोय. आमेनच्या आधी सांगितलंय."

एरवी टाचण्यांमधूनच आमेन म्हणणाऱ्या आत्याने त्या एकेक करून ओठांतून काढल्या, मशीनवरच्या छोट्या उशीला टोचल्या, आणि मग ती म्हणाली, "आमेन."