पांढरं कपाळाला, काळं रानाला

दानम्माचं रान माझ्या बांधाला लागून. उदगीरकडच्या एका रंगाच्या कारखान्यानं चार वर्षं ओढ्यात सांडपाणी सोडलं आणि ते येऊन तुंबलं तिच्याच रानात. पुढं कारखान्याला टाळं लागलं, पण मातीवरचा खारट पापुद्रा काही गेला नाही. गवतसुद्धा उगवेना.

रान तिच्या आणि दिराच्या नावावर. दीर मल्लिकार्जुन गिऱ्हाईक घेऊनच आला. "वैनी, माती मेली. भंगाराच्या गोदामाला इकून टाकू."

"तुझा भाऊ तिथं बसलाय. त्याच्या डोस्क्यावर भंगार टाकतो का?"

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. रानाच्या कोपऱ्यात नवऱ्याची समाधी, आणि शेजारची जागा दानम्मानं स्वतःसाठी धरून ठेवलेली. रान गेलं असतं तर दोन्ही गेलं असतं.

कृषी कार्यालयातल्या वर्षाराणी मॅडमनी सांगितलं, तुराट्या खड्ड्यात भाजून कोळसा करा, शेणकाल्यात मुरवा, मातीत मिसळा. आम्ही सगळे तुराट्या बांधावर पेटवून मोकळे होणारे. ही बाई मात्र त्या गोळा करून डोक्यावर वाहू लागली. पण खड्डा उघडाच ठेवून तिनं पार पांढरी राख होईस्तोवर जाळलं. जन्मभर कपाळाला भस्म लावलेलं, तिला पांढरं तेच चांगलं वाटणार! राखेनं खारट माती आणखीच बिघडली. गाव पोट धरून हसलं. मीही हसलो, त्याची मला आजही लाज वाटते.

"पांढरं कपाळाला, काळं रानाला. कळलं आता," एवढंच ती म्हणाली. पुढच्या खेपेला निखारे काळे असतानाच तिनं ओल्या मातीनं खड्ड्याचं तोंड बुजवलं. अशी तीन वर्षं. खायचं पीक इतक्यात नको, असं मॅडमनी बजावलेलं, म्हणून तिनं दोरासाठी अंबाडी पेरली. यंदा अंबाडी डोक्याइतकी उंच झाली. बाया पाला खुडायला आल्या की ही ओरडायची, "दोराला हाय, भाजीला न्हाई!"

परवा मल्लिकार्जुन पुन्हा तेच गिऱ्हाईक घेऊन आला. दानम्मा समाधीशेजारी गेली आणि काळ्या मातीत मांडी घालून बसली.

"माप घे, आप्पा. मेल्यावर मला एवढी जागा लागंल. आन् माती मेली म्हणतो न्हवं? मंग अंबाडीचा एक धांडा उपटून दाव."

चारचौघांत माघार कशी घ्यायची? मल्लिकार्जुननं दोन्ही हातांनी ओढलं. तळव्यात काटे रुतले, धांडा निघाला नाही. गिऱ्हाईकानं गाडीला किक मारली.

"निघंना?" दानम्मा बसल्या जागेवरून म्हणाली. "मंग मीबी न्हाई निघत."