शलमोन मेस्तरीचं हँडल

शलमोन मेस्तरीच्या हातात पाना असला की माणसाने चार हात लांब उभं राहावं, हे शिरूरच्या ख्रिस्ती वस्तीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. लढाईत ब्रह्मदेशाच्या चिखलात चार वर्षं लष्कराच्या गाड्या हाकून आणि उघडून तो घरी आला, तो हातात कसब आणि डोक्यात राग घेऊनच. कसबाला गिऱ्हाईक मिळालं. रागाचं काय करायचं ते मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

एक्कावन्न साली देहूरोडच्या डेपोत लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला. तिथला सगळ्यात मेलेला ट्रक शलमोनने उचलला. स्टिअरिंग डाव्या बाजूला, दाराला गोळ्यांची दोन भोकं, इंजिनावर चिमण्यांचं घरटं. बैलजोड्या लावून चार दिवसांत तो शिरूरला ओढत आणला, तेव्हा लोक म्हणाले, मेस्तरीनं वरात तर झोकात काढली, पण नवरी काही पाय टाकत नाही.

दारातल्या चिंचेला साखळी टांगून त्याने इंजिन वर काढलं. दोन वर्षं अंगणात रॉकेलचा वास दरवळत होता आणि शलमोनच्या तोंडून लष्करी शिव्या सुटत होत्या. त्याची बायको मार्था पिस्टनवरची काजळी घासायची, धाकटा भाऊ दावीद नट-बोल्ट डब्यांत लावून ठेवायचा. एके दिवशी एक नट सापडेना. शलमोनने हातातला पाना सरळ दावीदच्या तोंडावर हाणला. पुढचे तीन दात मातीत पडले. नट संध्याकाळी शलमोनच्याच खिशात निघाला.

मार्थाने कपड्यांची पेटी भरली. तिचे वडील दौंडला रेल्वेत फिटर होते, जायला घर होतं. शलमोन दार अडवून उभा राहिला.

"पुन्यांदा मानसावर हात उचलनार न्हाई, आसं चर्चमंदी समद्यांम्होरं बोला," ती म्हणाली. "मंग ऱ्हाते. आन् उचललात, तर म्या गेलेच म्हनून समजा."

तो बोलला. मार्थावाचून आपलं पान हलत नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं.

माणसांना अभय मिळालं, पण ट्रकने तसलं काही वचन दिलं नव्हतं. त्रेपन्न साली पहिल्यांदा इंजिन जोडलं, तेव्हा शलमोनने घाईघाईत बंपरमधल्या भोकात गाडी चालू करायचं लोखंडी हँडल घातलं आणि उजव्या हाताची मूठ आवळून जोरात फिरवलं. ठिणगी वेळेआधी पडली. इंजिन उलटं फिरलं, हँडल मागे आलं आणि मेस्तरीचं मनगट काडकन मोडलं. लष्करात पहिल्या दिवशी शिकवलेलं त्याला मग आठवलं. हँडल डाव्या हाताने मारायचं, खालून वर ओढायचं आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. म्हणजे हिसका बसला तरी हात सुटतो. मूठ आवळणाऱ्याचं मनगट जातं.

तेव्हापासून रोज सकाळी हँडल मार्था मारायची. बाई काटकुळी, पण एका ओढीत गाडी चालू. वस्तीतले लोक तोंडात बोट घालायचे.

ट्रक गुळाच्या ढेपा घेऊन दौंड स्टेशनकडे धावू लागला आणि न्हावऱ्याच्या हौसरावाच्या पोटात दुखू लागलं. हा मोठा बागायतदार. त्या रस्त्यावर तोवर त्याच्याच लॉऱ्या चालत. सत्तावन्न साली एका बाजाराच्या दिवशी त्याने शलमोनला भर चौकात गाठलं.

"मेस्तरी, आईतवारी तुम्ही समदी गानी म्हनाया आत बसता. तवा तुमचा डबा नेऊन घोडनदीत ढकलतो. बघू कोन बाहीर काढतंय."

शलमोनचे हात शिवशिवले. शेजारी मार्था उभी होती. त्याने हात खिशात घातला.

रविवारी सकाळी उठून त्याने इंजिनातला एक बोल्ट सैल केला, टायमिंग पुढे सरकवलं आणि बोल्ट पुन्हा आवळला. आता ठिणगी वेळेआधीच पडणार होती. एरवी हँडल त्याच्या खाटेखाली असे. आज ते त्याने पुढच्या भोकात तसंच लावून ठेवलं.

"आज हँडलला हात लावू नगंस," तो मार्थाला म्हणाला. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. उपासनेच्या दिवशी ते ग्रीसने काळे झाले होते.

चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसला. पाद्रीसाहेबांची प्रार्थना चालली होती, याचे कान बाहेर होते. आधी गाडीचा एक ठसका ऐकू आला, आणि मग माणसाची किंकाळी. शलमोनला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, उकळ्या फुटाव्यात असा आनंद झाला.

तो धावत चर्चशेजारच्या आपल्या अंगणात गेला. हौसरावाचा सालगडी, खुटबावचा म्हस्कू, मातीत गडबडा लोळत होता. उजव्या मनगटातून हाड बाहेर आलं होतं. सोबतच्या संपतने आणि आणखी एकाने काठ्या उचलल्या आणि सगळा राग शलमोनवर काढला. शलमोनने दोन्ही हात पाठीमागे बांधले. तीन बरगड्या गेल्या, एक कान फाटला, पण हात सुटले नाहीत. चर्चमधून धावत आलेल्या सगळ्या वस्तीने ते डोळ्यांनी पाहिलं. माणसं जवळ येऊ लागली तसे ते दोघे म्हस्कूला खांद्यावर टाकून पळाले.

पुढच्या रविवारी पाद्रीसाहेबांनी शलमोनचं नाव घेऊन सांगितलं, क्षमा शिकायची तर या माणसाकडून शिका. शलमोन मान खाली घालून बसला होता. मार्था त्याच्याकडे बघत होती.

दोन दिवसांनी बातमी आली. गावच्या हाडवैद्याने म्हस्कूचा हात बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधला, तो काळा पडला आणि नगरच्या दवाखान्यात कोपराखाली कापावा लागला. मार्थाने पेटी काढली.

"म्या हात उचलला न्हाई, मार्था."

"व्हय. हात गाडीचा व्हता, डोस्कं तुमचं. लोक देवमानूस म्हनाले आन् तुम्ही गप ऐकून घेतलं. त्या म्हस्कूला जाऊन सांगा काय केलंत ते. सांगितलं की मला न्याया या."

ती दौंडला गेली. शलमोन बरगड्या आवळून खुटबावला गेला. एका हाताचा गडी काय कामाचा, म्हणून हौसरावाने म्हस्कूला हाकलून दिलं होतं. तो झोपडीच्या दारात बसला होता. शलमोनने सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. "गाडीवर येतूस का?"

म्हस्कू आला, आणि तीन वर्षं राहिला. शलमोनने त्याला शिकवलं तसं तो रोज डाव्या हाताने हँडल ओढायचा. आधी बंपरला लाथ घालायचा. "खाल्लास की रं माजा हात, आता तरी नीट चाल!" म्हणायचा आणि हसायचा. काचेमागे बसलेल्या शलमोनला तो उजवा थोटा हात दिसायचा आणि सांगणं उद्यावर ढकलून तो गियर टाकायचा. दौंडात मार्था कधी दारात दिसे. केबिनमध्ये हसत बसलेला म्हस्कू पाहिला की तिला कळायचं, अजून सांगितलेलं नाही. ती आत जायची.

मग वरवंडच्या नाक्यावर एकदा संपत भेटला. "तुजा हात मेस्तरीनंच घेतला, येड्या. टायमिंग फिरवल्याबिगर गाडी आशी मारत न्हाई," तो म्हणाला. म्हस्कूने पुढचं ऐकलंच नाही. हँडल उपसलं आणि संपतच्या खांद्यावर असं घातलं की हाड मोडल्याचा आवाज चहाच्या टपरीपर्यंत गेला. "माज्या मेस्तरीला खोटं लावतूस?" तो ओरडत होता. चौघांनी धरलं म्हणून संपत वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हस्कू हँडल घेऊन अंगणात आला, तेव्हा शलमोन केबिनमध्ये चढला नाही.

"म्हस्कू, संपत खरं बोलला. टायमिंग म्याच फिरवलं व्हतं. हँडल म्याच लावून ठिवलं व्हतं."

म्हस्कू आधी हसला. मग हसू थांबलं.

"कोनीबी आलं आसतं तरी त्येचा हात ग्येला आसता?"

"व्हय. कोनीबी."

शलमोनने उजवा हात मडगार्डवर पसरून ठेवला. म्हस्कूने हँडल उचललं आणि हाणलं. बोटं ठेचली. शलमोनने हात काढला नाही. म्हस्कूने पुन्हा हाणलं.

"तीन वर्सं!" तो किंचाळला. "तीन वर्सं मला हसाया लावलंस तू!"

तीन वर्षांत तो मेस्तरीला पहिल्यांदा 'तू' म्हणाला. शलमोन खाली बसला, रक्त धोतरावर गळत होतं. म्हस्कू धापा टाकत उभा राहिला. मग त्याने हँडल भोकात घातलं, अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि वर ओढलं. गाडी चालू झाली.

"बस वर," तो म्हणाला.

शलमोन डावीकडे बसला. डावा हात स्टिअरिंगवर ठेवता आला, पण गियर उजव्या हाताला होता आणि तो हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. म्हस्कू पलीकडून चढला. त्याचा डावा हात गियरच्या दांड्यावर बरोबर पोचत होता.

"क्लच दाब."

शलमोनने दाबला. म्हस्कूने दातांवर दात घासल्यासारखा आवाज करत गियर टाकला.

"दवाखान्यात?" म्हस्कूने विचारलं.

"आदी मार्थाकडं."

दौंडपर्यंत ते एवढंच बोलले. गियरची ती खरखर ऐकून मार्था बाहेर आली. शलमोनने गियर कधी असा ओरबाडला नव्हता. तिने नवऱ्याचा हात पाहिला, मग म्हस्कूचा चेहरा.

"सांगितलं?"

"सांगितलं," म्हस्कूनेच उत्तर दिलं.

ती आत गेली आणि पेटी घेऊन आली. म्हस्कू खाली उतरला, पेटी हौद्यात ठेवली, हँडल सीटखालून काढून तिच्या हातात दिलं. इंजिन चालूच होतं.

"ह्ये तुमचं, बाई. दवाखान्यात न्या त्येला, बोटं काळी पडायच्या आत."

"आन् तू?"

तो खुटबावच्या रस्त्याला लागलाही होता. शलमोनने केबिनमधून हाक मारली, दोनदा मारली. म्हस्कूने मागे वळून पाहिलं नाही. मार्था त्याच्या जागेवर बसली आणि तिने गियरवर डावा हात ठेवला.