टेम्प फोल्डरमधल्या हिरामावशी

महिन्याभरापूर्वीचा सोमवार. शहापूरच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकायचा होता, म्हणून मी तो साफ करायला बसले होते. तात्पुरत्या फाइली साठवायचं टेम्प फोल्डर उघडलं आणि बघते तर काय... आत आवाजाच्या बारीकबारीक फाइली, हजारोंनी.

आमची संस्था शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरच्या विहिरींची नोंद ठेवते. त्या त्या पाड्यावरचीच एक बाई दर सोमवारी टेप सोडून पाणी किती खाली गेलंय ते मोजते आणि मोबाइलवर आकडा टाकते. माझा प्रोग्राम ते आकडे गोळा करून आपोआप रिपोर्ट काढतो. त्यावरून मी भरपूर मिरवलेही आहे.

आकड्याच्या खाली 'शेरा' असा एक रकाना आहे, आणि त्याला बोलायचं बटण. टाइप न येणाऱ्या बायकांसाठी मीच हौसेने ठेवलेलं. पण वर पाठवायच्या रिपोर्टच्या नमुन्यात शेऱ्याला जागाच नव्हती. त्यामुळे ते आवाज तात्पुरत्या फाइली म्हणून उतरायचे, आणि रिपोर्ट निघाला की पुसले जावेत अशी सोय मी केलेली... न ऐकताच.

त्या जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज मात्र उघडी असलेली फाइल पुसू देत नाही. माझा प्रोग्राम फाइल बंद न करताच पुसायला जायचा, त्यामुळे त्या तिथेच साचत राहिल्या. त्या सोमवारच्या दोन महिने आधी सगळं काम लिनक्सच्या सर्व्हरवर हलवलं. तिथे फाइल उघडी असो नाहीतर बंद, निमूट पुसली जाते. तेव्हा मला वाटलं होतं, वा, किती स्वच्छ काम!

सगळं सिलेक्ट केलं होतं. डिलीट दाबायच्या आधी सहज एक फाइल लावली.

"बाय गो, मी हिरा बोलतंय, टोकावड्याच्या वरल्या पाड्यावरना. पान्याचा आकडा टाकलाय वर. इहिरीच्या काठाचा, दोरीजवलचा दगड हाललाय, कोनाला तरी धाड बघायला."

हिरामावशी! ट्रेनिंगला सगळ्यात पुढे बसलेल्या, माझ्या हातातून टेप ओढून घेऊन "आमी मोजतो, तू बस" म्हणणाऱ्या. मी त्यांच्या बाकीच्या फाइली शोधून एकामागोमाग एक ऐकल्या. दगडाचं तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्या वेळी आवाज जरा खालीच गेला होता... "बाय, ऐकतंस ना गो?"

मग एकदम आठवलं. हिरामावशींचं नाव आता यादीत नव्हतंच. लागोपाठ चार सोमवार रिपोर्टात त्यांच्यापुढे 'नोंद नाही' आलं होतं, आणि चार वेळा तसं आलं की नाव काढून टाकायचा नियम मीच प्रोग्रामात घातला होता. काम थांबवल्याचा मेसेजही त्यांना आपोआप गेला होता. मी मनात म्हटलंही होतं, कंटाळल्या असतील.

फोन लावला. सुनेने उचलला. म्हणाली, "आत्या पडल्या ना ताई. इहिरीवर. खुबा मोडलाय."

दुसऱ्या दिवशी मुरबाडहून एसटीने टोकावड्याला उतरले आणि पाड्यावर चढून गेले. मावशी ओटीवर पडून होत्या. मला बघून हसल्या... त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी दगडाबद्दल माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांना राग वेगळाच होता. "नाव का काढलंस गो माझं? येक सोमवार चुकवला नाय मी."

मला कळेना. सुनेने सांगितलं तेव्हा उलगडा झाला. मावशी पडल्यावर दर सोमवारी सून जाऊन मोजून यायची आणि मावशींना सांगायची. पडताना चष्मा फुटला होता, त्यामुळे त्यांना आकडा टाकता यायचा नाही आणि सुनेला ते येत नव्हतं, म्हणून त्या बटण दाबून बोलायच्या. मी पडलेय, सुनेनं मोजलंय, लिहून घे. चार सोमवार. आकड्याचा रकाना रिकामा, म्हणून प्रोग्रामने 'नोंद नाही' लिहिलं, आणि आवाज सर्व्हरने तिथल्या तिथे पुसून टाकला.

"तुला सांगितलंय ते गेलं कुठं मग?" मावशींनी विचारलं.

टेम्पररी फाइल म्हणजे काय ते मला त्यांना सांगता येईना. शेवटी म्हटलं, मावशी, ते आम्ही ऐकलंच नाही. कधीच नाही.

त्यांनी माझ्या पिशवीतल्या वहीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "लिही." चारही सोमवारचे आकडे त्यांनी तोंडपाठ सांगितले आणि मी वहीत लिहून घेतले. लिहिता लिहिता लक्षात आलं, हे आकडे आणायला त्यांची सून त्याच हलत्या दगडावर उभी राहिली होती... माझ्या रिपोर्टसाठी.

मावशींचं नाव यादीत परत घातलंय. गवंडी पाठवून दगडही बसवला. पण त्या अजून उठून चालत नाहीत, आणि याला मी जबाबदार नाही असं मला कुणी कितीही सांगितलं तरी ते पटत नाही.

आता रिपोर्ट काढायच्या आधी मी दर सोमवारी सगळे शेरे ऐकते. ऐकायला फारसं काही नसतंच. एखादी खोकते, कुणाची कोंबडी ओरडते, बाकीच्या बटणच दाबत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकीला फोन करून विचारलं, ताई, शेऱ्यात काही बोलत का नाही?

म्हणाली, "आधी बोलायचो ना आमी."