कडेचा माणूस

यवतमाळच्या दुकानदाराने दोन लेन्स पुढे ठेवल्या. एकीत नवरा-नवरी लख्ख आणि मागचं सगळं धूसर यायचं. लग्नवाल्यांना हेच पाहिजे असतं, असं तो मलाच शिकवत होता. मी दुसरी उचलली. तिच्यात मागच्या रांगेतला, अगदी कडेचा चेहराही स्पष्ट येत होता.

कारण त्याला सांगितलं नाही. कापसाच्या त्या वाईट वर्षांत लोक लग्नाचा जुना अल्बम घेऊन माझ्याकडे यायचे आणि ग्रुप फोटोतल्या एका माणसावर बोट ठेवायचे. "याचा एकट्याचा मोठा करून द्या." तो माणूस गेलेला असायचा. हार घालायला घरात त्याचा दुसरा फोटो नसायचा. आणि कडेचे चेहरे मोठे केले की फिसकटायचे.

लेन्स एक दिवस वापरून पाहायला मिळाली. घरी आल्यावर अंगणात सगळ्यांना उभं केलं. धाकटा भाऊ शेतातून नुकताच आला होता, तो कडेला उभा राहिला. कॅमेऱ्यातच त्याचा चेहरा मोठा करून पाहिला. मिशीला चिकटलेला कापसाचा तंतूही दिसत होता. लेन्स चांगली होती.

"दादा, मले दाखव ना," तो म्हणाला.

"हालला तू," मी म्हटलं आणि फोटो डिलीट केला.